तुम्हीच सांगा ना जी

आशा कार्यकर्ती आहे मी, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडची. बाळंतिणीसोबत दवाखान्यात रात्र काढायची सवय आहे. पण काही वर्षांपूर्वी अत्याचार झालेल्या एका शाळकरी पोरीला घेऊन जिल्ह्याला गेली, तो दिवस निराळाच होता. (ओळख पटेल असं काहीच लिहीत नाही.) बाकावर तिची आई पदराची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. गाठीत परतीचं भाडं होतं. पोरीला चार टेबलांवर तेच तेच सांगावं लागलं. पाचव्यावर तिचा आवाजच निघेना. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्हीच सांगा ना जी."

मला तरी कुठं काय माहीत होतं!

नंतर विचारत, वाचत गेली. 2012 चा पॉक्सो कायदा, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा, म्हणतो, जबाब लेकराच्या घरी नाहीतर ते म्हणेल तिथं घ्यायचा. होईल तिथवर महिला अधिकाऱ्यानं, आणि वर्दी न घालता. लेकराला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. उपचार फुकट, खाजगी दवाखान्यातही. बालकल्याण समिती सपोर्ट पर्सन देते, तपासापासून निकालापर्यंत सोबत राहणारा माणूस. अत्याचार झालेल्यांना पैशाची मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे. आणि हे पोरांनाही लागू आहे बरं, पॉक्सो मुलगा-मुलगी पाहत नाही. पोराचं असं काही झालं तर गावात त्याला शब्दसुद्धा नाही.

कायदा चांगलाच आहे. अशा कायद्यांची वाट आमच्याच मातीतून निघाली म्हटलं तरी चालेल. 1972 मध्ये देसाईगंजच्या, म्हणजे आमच्या वडशाच्याच ठाण्यात एका आदिवासी पोरीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सुप्रीम कोर्टात आरोपी सुटले, देशभरच्या बाया रस्त्यावर आल्या, मग 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

पण अत्याचार झालेल्या बायापोरींना मदत करणारं सखी सेंटर जिल्ह्याला, समिती जिल्ह्याला. सिरोंच्याहून गडचिरोली 200 किलोमीटरच्या घरात. तिथून दर तारखेला कोण येईल? गावातले चार शहाणे म्हणतात, मिटवून टाका. मिटते कोणाचं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच, नवीन फलक लावू नका. तालुक्याच्या दवाखान्यात दार लागेल अशी एक खोली द्या आणि सोबत जाणाऱ्या बाईचं भाडं-भत्ता द्या. तोवर लेकरांच्या मदतीचा 1098 नंबर लावा, रात्रीही लागतो.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीशी बसली होती. आरमोरी गेल्यावर पहिल्यांदा बोलली, "तारखेला तुम्हीच याल ना जी?"

हो म्हटलं. रोवणीचे दिवस होते, मजुरी बुडाली.