आजी वडा खायची, पाव ठेवून द्यायची

वडापाव कुणी शोधला यावर भांडण जुंपलं की सगळे वड्याचंच कौतुक करतात. माझ्या मते खरी करामत पावाची.

बटाटावडा आधीही होताच की! पण तो ताटलीत, चटणीबरोबर, पाय पसरून बसून खायचा. ज्याला लोकल गाठायचीय त्याने काय करायचं? १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो पावात घातला असं सांगतात. काही जण श्रेय सुधाकर म्हात्रेंना देतात, तेही दादरचेच. कुणी का असेना, त्याने माणसाच्या हातात वडा आणि ताटली एकदमच दिली, आणि ताटलीही खायची! गिरणगावात पाळीला निघालेल्याला यापेक्षा जास्त काय हवं होतं? पुढे १९८२चा गिरणी कामगारांचा संप झाला, तेव्हा घरी बसावं लागलेल्यांपैकी काहींनी याच वड्याची गाडी लावून संसार रेटला.

गाडीवाल्याचा हात कधी नीट बघा. लादीतून पाव तोडतो, सुरी घालतो, पण एक कड जोडलेली ठेवतो. सगळा डोलारा त्या कडेवर. आतून लसणाची कोरडी चटणी (ओली हिरवी त्याच्यानंतर, आणि गोड चटणीबद्दल मी बोलणारच नाही), मग वडा, वरून तळव्याने एक दाब. सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. चीज आणि मेयोनीज घालणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आता गंमत बघा. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, ‘पाव’ही त्यांचाच. मिरचीसुद्धा त्यांच्याच गलबतांतून आली. यातला बटाटा आपण उपवासालाही चालवून घेतला, मिरचीशिवाय तर आपलं पानच हलत नाही. अडलं ते फक्त पावापाशी. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. शिवाय पीठ पायाने तुडवतात, हा संशय वेगळाच. माझी आजी त्यातलीच. वडापाव आणला की कागद उलगडून वडा तेवढा उचलायची, पाव आमच्याकडे सरकवायची. चटणी लागलेला, तेल प्यालेला तो रिकामा पाव मिळावा म्हणून आम्ही भावंडं भांडायचो.

मग आजीचे दात गेले. वड्यावरचं कुरकुरीत आवरण चावेना. तेव्हा एक दिवस तिनेच हळूच विचारलं, “तो पाव मऊ असतो का रे?”

त्या दिवसापासून वडे आमच्या वाट्याला आले.