मी धोपाव्यात आहे, मुंबईत नाही

आज दुपारी बाबांची औषधं ऑनलाइन मागवत होते. वेबसाइटने परस्पर ठरवून टाकलं की मी मुंबईत आहे. आमचा पिनकोड घातला तर 'ठिकाण जुळत नाही', ऑर्डर रद्द! मी पडवीत बसलेय, समोर खाडी, पलीकडे दाभोळ दिसतंय, आणि मी कुठे आहे हे ती मला सांगणार.

गेल्या पावसाळ्यातली ती रात्र पुन्हा डोळ्यांसमोर आली. बाबांना धाप लागली होती. चिपळूणहून गाडी बोलावली. ड्रायव्हर नवीन, म्हणाला, "ताई, लोकेशन टाका." टाकलं. दोन तासांनी त्याचा फोन, "ताई, जेटीवर आलोय, घर कुठलं?" तो दाभोळच्या जेटीवर! मध्ये वाशिष्ठीची खाडी, फेरीबोट बंद, रस्त्याने यायचं तर परत चिपळूणचा वळसा.

का झालं, ते पुतण्याने नंतर समजावलं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर वर. फोनला निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात, ते किती वेळात पोचले यावरून तो जागा काढतो. जांभ्याच्या भिंती, वर माड-पोफळी, त्यात मी माजघरात. तिथे ते संदेश पोचणार कसे? शहरात अशा वेळी आजूबाजूच्या वायफायवरून जागा कळते. आमच्या वाडीत वायफाय कुणाकडे आहे? उरला टॉवर, आणि फोनने पकडला होता पाण्यापलीकडचा. नकाशावर निळा ठिपका होता, त्याभोवती मोठं फिकट वर्तुळही होतं. ते वर्तुळ म्हणजे 'मला नक्की माहीत नाही'. बाप धापा टाकत असताना वर्तुळ कोण बघतं हो? खात्री नाही तर तसं ठसठशीत मराठीत लिहा ना!

आजच्या वेबसाइटने तर एवढंही केलं नाही. तिने बघितला फक्त आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणारा क्रमांक. मोबाइल कंपनीचं इंटरनेट कुठल्या तरी मोठ्या शहरातून बाहेर पडतं, म्हणून मी तिथली. अमेरिकेत, कुठला आयपी कुठल्या ठिकाणचा हे सांगणाऱ्या एका यादीत, ज्या आयपींचा फक्त देश कळत होता, नेमकी जागा नाही, ते सगळे देशाच्या मध्यावरच्या एका बिंदूवर टाकले होते. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्या एका शेतघरावर, आणि त्या आयपींवरचे गुन्हेगार शोधत तिथल्या माणसांच्या दारात वर्षानुवर्षं पोलीस येत राहिले. २०१६ साली हे उघडकीला आलं.

हो, मच्छीमारांना जीपीएसचा आधार आहे, मान्य. भर समुद्रात वर मोकळं आकाश असतं.

पण माझं गाव मी हाताने लिहिलं तर ते खरं धरा, एवढंच मागणं आहे. अंदाज तुमचा, आणि खोटी मी?

त्या ड्रायव्हरवर मात्र राग नाही. बिचारा जेटीवर भिजत उभा राहून दर दहा मिनिटांनी फोन करत होता, "बाबांना कसं वाटतंय?" शेजारच्या काकांनी टेम्पो काढला, गुहागरला नेलं, म्हणून बाबा आज आहेत. काकांना लोकेशन लागलं नाही. मी गडग्यावरून हाक मारली होती.

गुहागरच्या दुकानात फोन केलाय. औषधं उद्या सकाळच्या एसटीने कंडक्टरकडे देतो म्हणालेत. पत्ता विचारला नाही, "बाबा कसे आहेत?" एवढंच विचारलं.