काखेतल्या चिंध्या

चर्चच्या मंडळीत नेतृत्वाचं शिबिर असलं की मोशे, दावीद, नहेम्या ही नावं ठरलेली. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला एबद-मलेख मात्र क्वचितच कुणाला आठवतो. पुढारी कसा असावा, हे मला त्याच्याकडून शिकावंसं वाटतं. का, ते आज जरा सविस्तर लिहितो.

काळ इ.स.पू. ५८७ च्या सुमाराचा. यरुशलेमेला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडलेला, शहरातली भाकर संपत आलेली. यिर्मया लोकांना सांगत होता, शरण जा, तरच वाचाल. यामुळे सैनिकांचा धीर सुटतो, याला मारून टाका, अशी मागणी घेऊन सरदार राजा सिद्कीयाकडे गेले. राजा म्हणाला, तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. गादीवर बसलेला माणूस हे बोलतो! सरदारांनी यिर्मयाला दोरांनी हौदात सोडलं. आत पाणी नव्हतं, नुसता चिखल होता आणि तो त्यात रुतला.

एबद-मलेख राजवाड्यातला कूशी खोजा, म्हणजे खच्ची केलेला सेवक. कूश म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) दक्षिणेकडचा नाईलकाठचा मुलूख. माणूस परका, त्यात चाकर. राजा तेव्हा बन्यामीन वेशीत बसला होता. वेस म्हणजे चारचौघांची, न्यायनिवाड्याची जागा. संध्याकाळी वाड्यात राजाला एकट्याला गाठून कानावर घालता आलं असतं. तसं न करता हा तिथेच गेला आणि म्हणाला, या माणसांनी यिर्मयाशी जे केलं ते वाईट केलं, तो तिथे उपाशी मरेल. राजाला ज्यांच्यापुढे तोंड उघडवत नव्हतं, त्यांच्याविरुद्ध हा चाकर बोलला. राजाने त्याला तीस माणसं दिली.

पुढची दोन वचनं मी कितीदा तरी वाचली आहेत. माणसं मिळाल्यावर तो तडक हौदाकडे गेला नाही. आधी भांडाराखालच्या खोलीत गेला, तिथली जुनेरं आणि चिंध्या घेतल्या, त्या दोरांनी खाली सोडल्या आणि वरून यिर्मयाला सांगितलं, या काखेत धर, त्यावर दोर घे. उपासमारीने खंगलेला, चिखलात रुतलेला माणूस ओढून काढायचा, तर दोर काखेत करकचून रुततील, कातडी सोलवटून निघेल. हे त्याला आधीच दिसलं. राजाचं मन कधी फिरेल याचा नेम नव्हता, तरी तेवढा वेळ त्याने काढला. आणि चिंध्या कोणत्या खोलीत पडल्या आहेत, हे त्याला ठाऊक होतं. वाड्यात राबणाऱ्यालाच ते ठाऊक असणार.

आपल्या मंडळ्यांमध्ये मदत भरपूर होते, हे मी मनापासून मान्य करतो. पण विधवा बहिणीला रेशन द्यायचं आणि देतानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, पोराची फी भरायची आणि उपासनेत त्याच्या बापाचं नाव पुकारायचं, हे मला सहन होत नाही. दोर पोचतो, पण काख सोलली जाते. ज्याला वर काढतोय त्याला काय दुखेल, याचा विचार पाळकांनी, मंडळीच्या वडीलजनांनी, कमिटीतल्या प्रत्येकाने आधी करायला हवा. माझ्या लेखी भाषण आणि हिशेब येण्यापेक्षा ही पात्रता मोठी आहे.

एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. एबद-मलेखाला भीती वाटत होती. याच पुस्तकाच्या ३९ व्या अध्यायात परमेश्वर त्याला निरोप पाठवतो: ज्या माणसांना तू भितोस त्यांच्या हाती तू पडणार नाहीस, मी तुला वाचवीन, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास. म्हणजे वेशीत उभा राहिला तो निडर माणूस नव्हता. पोटात गोळा असतानाच तो बोलला होता. मंडळीच्या सभेत चुकीचं चाललेलं दिसतं आणि गप्प बसावं लागतं अशा कितीतरी जणांना, विशेषतः तरुणांना आणि बायकांना, हे कुणीतरी सांगायला हवं.

त्याच्या धाडसाने यिर्मया हौदातून वर आला, पण कैदेतून सुटला नाही. शहर पडेपर्यंत तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेतच राहिला, पण जिवंत राहिला. एबद-मलेखाला हुद्दा मिळाल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

तरुण संघाच्या पुढच्या अभ्यासाला हाच भाग घ्या, अशी माझी विनंती आहे. ३८ आणि ३९ हे दोन्ही अध्याय सलग वाचा. मध्ये थांबलात तर त्याला आलेला निरोप राहून जाईल, कारण तो ३९ च्या अगदी शेवटी आहे.