आधी कोण पेटलं?
मेंदूतल्या चेतापेशींच्या जोडण्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात ‘एकत्र पेटणाऱ्या चेतापेशी एकमेकींशी जोडल्या जातात’ एवढ्यावरच भागवायला नको होतं. आधी कोण पेटलं, म्हणजे कुठल्या पेशीने आधी विद्युत-संदेश सोडला, यावर बरंच काही ठरतं. बी आणि पू या संशोधकांनी १९९८ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) पेशींवर हे दाखवलं: पाठवणारी पेशी घेणारीच्या आधी, साधारण २० मिलिसेकंदांच्या आत पेटली तर सिनॅप्स (दोन पेशींमधला सांधा) बळकट होतो, उलट झालं तर कमजोर. म्हणजे जाण्याची वाट रुंदावते, परतीची आक्रसते आणि जाळ्याला दिशा येते.

नुसतं बळकटीकरणच चालू राहिलं तर जाळं भडकेल, हेही आहेच. (मला तर हाच भाग जास्त रंजक वाटतो.) त्याच वर्षी टुरिजिआनो या संशोधिकेच्या गटाला दिसलं, की पेशींचं पेटणं बंद पाडलं तर त्या आपल्या सिनॅप्सची ताकद सरसकट वाढवतात, पेटण्याचा अतिरेक झाला तर उतरवतात. यावर पुढचा लेख येऊ द्या.