डेस्कटॉप दिसला म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला असं नाही

पासवर्ड टाकला, वॉलपेपर आला, आणि पुढची दोन मिनिटं नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. लगेच निदान तयार असतं: मशीन म्हातारं झालं, रॅम वाढवा. रॅम कमी असेलही. पण आधी दारातून एकदम किती प्रोग्राम घुसताहेत ते तरी बघा!

विंडोजमध्ये (१० किंवा ११) कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप अ‍ॅप्स' (१० मध्ये नुसतं 'स्टार्टअप') उघडा. तिथल्या 'स्टार्टअप इम्पॅक्ट' रकान्यातलं 'हाय' म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत नसतं. सुरू होताना ज्या प्रोग्रामने प्रोसेसरचा १ सेकंदापेक्षा जास्त वेळ खाल्ला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं, तो 'हाय'. रकान्याच्या मथळ्यावर राइट क्लिक केलंत तर प्रत्येकाचा नेमका आकडाही दिसतो. नव्याने टाकलेल्या प्रोग्रामपुढे 'नॉट मेझर्ड' असेल तर एकदा रीस्टार्ट करून परत बघा.

आता माझं मत. दिसेल ते डिसेबल करत सुटू नका. अपडेटर, गेम लाँचर, आठवड्यातून एकदा लागणारं मीटिंगचं अ‍ॅप, हे खुशाल बंद करा. बंद केल्याने काही अनइन्स्टॉल होत नाही. पण क्लाउड सिंक किंवा बॅकअप रोज लागतो, फक्त पहिल्या मिनिटाला लागत नाही. अशांना बंद करायचं नाही, उशिरा बोलवायचं.

त्यासाठी टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारं विंडोजचं साधन, आहेच. 'क्रिएट टास्क' घ्या ('बेसिक टास्क' नको, त्यात उशीर देता येत नाही), ट्रिगर 'अ‍ॅट लॉग ऑन', खाली 'डिले टास्क फॉर' १ मिनिट, आणि अ‍ॅक्शनमध्ये प्रोग्रामचा पत्ता. गंमत पुढे आहे. 'कंडिशन्स'मध्ये 'फक्त एसी पॉवरवर असेल तरच सुरू कर' ही खूण आधीपासूनच असते. ती काढली नाही तर बॅटरीवरच्या लॅपटॉपवर प्रोग्राम गुपचूप सुरूच होत नाही आणि माणूस आठवडाभर डोकं खाजवत बसतो. दुसरं, 'युझर लॉग ऑन असेल तरच चालव' हाच पर्याय ठेवा. दुसरा निवडलात तर प्रोग्राम चालतो, पण खिडकी दिसत नाही. आणि हो, तोच प्रोग्राम स्टार्टअपच्या यादीतून बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळं करून तो पहिल्यासारखा सुरुवातीलाच हजर.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या वहीत) 'स्टार्टअप-डिले-इन-एमसेक' शून्य करा म्हणजे मशीन पळेल, हा सल्ला सगळीकडे फिरतो. ती नोंद विंडोजने मुद्दाम ठेवलेली उसंत काढून टाकते. म्हणजे गर्दी तीच, फक्त सगळे एकदम आत. मला तरी त्यात अर्थ दिसत नाही.

खरी जपायची जागा म्हणजे रजिस्ट्रीतल्या विनलॉगऑन या लॉगिनच्या भागाखालची 'शेल' ही नोंद. लॉगिननंतर युझरइनिट हा विंडोजचाच छोटा प्रोग्राम ती वाचतो आणि तिथे लिहिलेला प्रोग्राम डेस्कटॉप म्हणून चालवतो. एरवी तिथे एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असतं. काउंटरवरच्या मशीनवर एकच अ‍ॅप दिसावं म्हणून लोक ही नोंद बदलतात. बदलायचीच तर वेगळं युझर खातं काढा आणि त्याच्या करंट-युझर शाखेत (फक्त त्या खात्यापुरती) बदला, लोकल-मशीनमध्ये (सगळ्या मशीनसाठी) नाही. तिथे स्पेलिंग चुकलं तर प्रत्येक खात्याला काळा पडदा आणि एकटा कर्सर.

तसं झालंच तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप तेव्हाही चालतं. टास्क मॅनेजरमधून नवीन टास्क म्हणून एक्सप्लोरर चालवाल, तर टास्कबारऐवजी नुसती फोल्डरची खिडकी उघडण्याची शक्यता जास्त, कारण शेल म्हणून त्याचं नाव नोंदलेलंच नाही. म्हणून थेट रेगएडिट (रजिस्ट्री बदलायचा प्रोग्राम) चालवा, आधी नोंद दुरुस्त करा, मग साइन आउट. शेजारच्या 'युझरइनिट' नोंदीला मात्र हात लावू नका, तिच्या शेवटच्या स्वल्पविरामालासुद्धा. तो पत्ता चुकला तर लॉगिन होताक्षणी लॉगआउट होतं आणि टास्क मॅनेजर उघडायलाही वेळ मिळत नाही.