वर्ग तोच ठेवा, पद्धत बदला
एका लेखात म्हटलंय की ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना गणित सगळ्यांसोबतच शिकवावं, पटलं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तेच आहे, पण नुसतं बाकावर बसवून काय होणार? माझ्या वर्गातला असाच एक मुलगा सगळे मिळून पाढे ओरडायला लागले की कान गच्च दाबून घेतो, त्याला गणितमाळ दिली की तोच गडी दहा-दहा मणी सरकवत बरोब्बर मोजतो. शाब्दिक उदाहरणात मात्र "राजूने आंबे कुठून आणले?" इथेच अडतो, मग आंबे, राजू सगळं गाळून सरळ आकडे मांडून द्यायचे. आणि उत्तर बरोबर असताना पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून मार्क कापणं तर अतीच हं, तोंडी विचारा की!