परक्याची भीती रक्तात नसते

बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे, आणि तो मानसशास्त्राचा हवाला देत असल्यामुळे चांगल्या विचारी माणसांनाही पटतो आहे. परक्याची भीती जन्मजात असते, ती अनुभवाने पक्की होते, शिकलेल्या माणसात पूर्वग्रह उरत नाही, उरते ती केवळ सावधगिरी, आणि निरनिराळे लोक एकत्र राहिले की भांडणे वाढतात. म्हणून भाडेकरू ‘आपल्यातलाच’ ठेवावा, असे त्याचे म्हणणे आहे.

‘जन्मजात’ हा मुद्दा फार तर अर्धा खरा आहे. नवजात बाळ कोणत्याही वंशाच्या चेहऱ्याकडे सारखेच पाहते. ओळखीच्या वंशाकडे कल दिसतो तो तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. इस्रायलमधल्या २००६ च्या एका अभ्यासात, गोरे आणि काळे असे दोन्ही चेहरे रोज पाहणाऱ्या इथिओपियन बाळांमध्ये तो कल आढळलाच नाही. ‘आम्ही’ आणि ‘ते’ असे गट पाडण्याची तयारी मात्र मनात असते. मानसशास्त्रज्ञ हेन्री टाजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे कोणती चित्रे आवडतात अशा क्षुल्लक कारणावरून दोन गट केले, तेव्हा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळावे, अशा रीतीने अनेक मुलांनी पैसे वाटले. ‘ते’ म्हणजे कोण हे तिथे प्रयोगकर्त्याने ठरवले होते. आपल्याकडे ते घर आणि गल्ली ठरवते.

अनुभवाचा दाखला त्याहून कच्चा आहे. हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली लोकांना दोन काल्पनिक गटांविषयी वाक्ये वाचायला दिली. मोठ्या गटाची १८ चांगली आणि ८ वाईट, लहान गटाची ९ चांगली आणि ४ वाईट, म्हणजे प्रमाण तंतोतंत तेच होते. तरीही वाचणाऱ्यांना लहान गट अधिक वाईट वाटला, कारण कमी दिसणारी माणसे आणि कमी घडणारी वाईट कृत्ये यांची स्मरणात गाठ पडते. ज्याला आपण अनुभव म्हणतो त्याचा बराच भाग असा घडलेला असतो.

शिक्षणाविषयीचा दावा निदान बडोद्यात तरी कोणी करू नये. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून निघायला लावले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की पत्नीला विचारावे लागेल. दोघांपैकी एकानेही तिरस्काराचा शब्द काढला नव्हता. मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मनात फारसा द्वेष नसतानाही पूर्वग्रह सुखाने चालू राहतो, तो असा. मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्रू यांनी १९५८ साली दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेच्या दक्षिण भागाच्या अभ्यासातून हेच दाखवले होते: माणसाच्या स्वभावापेक्षा भोवतालच्या रूढीला जुळवून घेण्याची सवय पुष्कळ काही ठरवते. आजही घर दाखवण्याआधी फोनवर आडनाव विचारले जाते, आणि नकार देताना मालक सांगतो, ‘माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटीतले लोक ऐकायचे नाहीत.’ असे सांगणारे बहुतेक जण पदवीधर असतात.

एकत्र राहण्याने भांडणे वाढतात, हे काही परिस्थितींत खरे आहे, आणि एकत्र येण्याने पूर्वग्रह कमी व्हावा यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अटी सांगितल्या होत्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकार असलेल्यांचा पाठिंबा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनी निरनिराळ्या जातींच्या १,२६१ तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा घेतल्या, तेव्हा एकाच संघातून खेळलेल्यांची इतर जातींत मैत्री वाढली, तर समोरासमोरच्या संघांत खेळण्याचा परिणाम नेमका उलट झाला. एका जिन्याने चढणारी, एकाच टाकीचे पाणी वापरणारी बिऱ्हाडे एका संघात असतात, आणि पाठिंबा देण्याचा अधिकार सोसायटीच्या कमिटीकडे असतो. तेव्हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत, भाडेकरूचे आडनाव किंवा धर्म कमिटीचा कोणीही विचारणार नाही, एवढा एक ठराव मांडावा. मग ‘लोक ऐकायचे नाहीत’ असे सांगायला मालकाला सोसायटीचा आधार उरणार नाही.